जागा उरली तर

सोनगीरच्या ताईबाईंची मुलगी मोनाली मुंबईच्या विमानतळावर नोकरीला लागली आणि कंपनीची सवलत आईलाही मिळाली. तिकीट अगदी स्वस्त, पण विमानात जागा उरली तरच बसायचं. आधी पूर्ण भाडं भरलेले प्रवासी, मग जुन्या नोकरदारांची माणसं, आणि सगळ्यांत शेवटी मोनालीसारख्या नव्यांची.

ताईबाईंना रांचीला जायचं होतं, थोरल्या बहिणीकडे. इंदिराबाई तिथे मुलाजवळ राहायच्या. गुडघे गेल्यापासून त्यांचं गावी येणं थांबलं होतं, आणि ताईबाईंच्या कंबरेला रेल्वेचा एवढा प्रवास झेपत नव्हता.

पहिल्या दिवशी विमान भरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मोनाली रडवेली होऊन आली. "आई, मी साधं तिकीट काढते."

"काही नको. मी आठेच बठसू."

खरं तर ताईबाईंना तिथे बसणं आवडू लागलं होतं. समोरच काउंटरवर लेक काम करत होती. फोनवर ती नेहमी "मजेत आहे" एवढंच सांगायची. इथे बॅगेच्या वजनावरून एक माणूस तिच्यावर खेकसला, तरी ती हळू आवाजात त्याला समजावत राहिली. तो गेल्यावर तिने बूट काढून टाच दाबली, तेही आईने पाहिलं.

त्या संध्याकाळी खोलीवर ताईबाईंनी तिचे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळलं. "बठ्ठा दिन उभं ऱ्हानं पडस का, माय?"

"सवय झाली गं," म्हणता म्हणता मोनालीला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी ताईबाईंचं नाव पुकारलं गेलं. रांचीला इंदिराबाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दारात उभ्या होत्या. दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

आठवड्याने परत निघाल्या, तर तिथेही जागा नाही. मोनालीने फोनवर सांगितलं, "आई, आज नको निघूस, उद्या बघू." ताईबाईंनी पिशवी पुन्हा कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा तो इंदिराबाईंनीच आधी उचलला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आनंदाने ओरडल्या,

"ताईबाई, आज बी विमान भरेल शे! चहा ठेव!"