शाळेच्या गेटावरचे हंडे

लंकाबाईची बिडी छाटात टाकायची तर चेकरनं आधी घरून पोटभर जेवून यावं. कारण भांडण लांबणार. ढिली, डागाळलेली बिडी बाजूला काढायची, तिला छाट म्हणायचं, अन् वळणारीनं मुकाट्यानं मान खाली घालायची, हा कारखान्याचा शिरस्ता. लंकाबाईनं पंधरा वर्षांत मान घातली नाही. "कुठं ढिली हाय? दाब, माझ्यासमोर दाब," म्हणायची. चेकर दाबायचा अन् गुमान परत टोपलीत टाकायचा.

अशी ही बाई एका चिठ्ठीनं हादरली.

१९७९चा डिसेंबर. चंद्रभागा, तिची थोरली, दहावीला. वस्ती द्वारका चौकाच्या मागं, शाळा चार गल्ल्या पलीकडं. मोठ्यांची शाळा सकाळी सातला, चिल्ल्यापिल्ल्यांची दुपारी. प्रार्थना संपली की गेट बंद. बाहेर राहिला तो घरी, अन् दिवस गैरहजेरीत. त्या दिवशी चंद्रा साडेसातलाच दप्तर अन् शाळेची चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिली.

"काय लिवलंय?"

"अजून एक दिवस गैरहजर लागला तर दहावीचा फॉर्म पाठवणार नाहीत."

लंकाबाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. पोरीचे डोळे लाल, बोटं गारठून निळी. तशीच पोरीला हाताशी धरून शाळेत गेली.

हेडसर वाईट माणूस नव्हते. हे सांगितलं पाहिजे, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. त्यांनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या.

"बाई, सकाळी डोकं ताजं असतं. म्हणून मोठ्या मुलांना सकाळी बोलावतो."

"झोपलेल्याचं असतं ताजं, सर. ही चारला नळावर जाती."

"कोण पाठवतं हिला चारला?"

तीच पाठवत होती. नवरा गेणू तीनलाच मार्केटात हमालीला जायचा. पाण्यात हात घातला की बोटं फुगतात, बिडीचं पान फाटतं, तंबाखू ओल धरते. तिची बोटं कोरडी राहावीत म्हणून पोरगी नंबराला. रात्री पानं कातरायलाही तीच.

"मी पाठवते," ती म्हणाली. "पण ते उशिराचं रजिस्टर दाखवा."

सरांनी सरकवलं. चंद्रा एकेक नाव वाचत गेली अन् लंकाबाई एकेक घर ओळखत गेली. सगळी एकाच नळाची पोरं.

"सर, बंगल्यातलं एक नाव दाखवा यात."

सरांनी पानं उलटून पाहिली अन् रजिस्टर मिटलं.

"लहान्यांना सकाळी घ्या, मोठ्यांना दुपारी. लहानं कुठं पाणी भरत्यात?"

"ते संस्था ठरवते, बाई. माझ्या हातात नाही."

"गेट तर तुमच्या हातात हाय ना?"

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजत आले तरी नळाला थेंब नाही. चाळीसेक हंडे रांगेत, चंद्राचा तिसाव्या जागी. नळ सोडावा तर दिवसभर घरात पाणी नाही. थांबावं तर फॉर्म गेला. पोरगी हंड्याशेजारी उकिडवी बसून रडत होती, आवाज न करता. हातातली बिडी टाकून आलेल्या लंकाबाईनं ते पाहिलं अन् तिच्या डोक्यात सणक गेली.

"उचला हंडे! नंबर हाय तसाच ठेवायचा. शाळेच्या दारात लावू."

"येडी झाली का लंके? पाणी आलं म्हंजे?"

"आलं तर जाईल. वर्ष गेलं तर येईल का?"

कुणी हलेना. पहिला नंबर सखुबाईचा, म्हातारी, दोनपासून बसलेली. सगळ्यांत जास्त गमावणार ती. तिनंच हंडा काखेत मारला. "चला गं. माझी नात पन हाय त्या रजिस्टरात."

पावणेसातला शाळेच्या गेटाबाहेर आडवी रांग लागली, हंड्याला हंडा चिकटून. पोरं बाजूच्या फटीतून आत गेली, चंद्राही. हेडसर सायकलवरून आले ते हंड्यांपाशी अडले.

"जयराम, बाजूला कर हे."

जयराम शिपाई वस्तीतलाच. तो हंड्यांकडं बघत राहिला. "सर, नंबरातला हंडा दुसऱ्यानं हलवायचा नसतो. डोकी फुटतात आमच्यात."

आत घंटा झाली. प्रार्थना सुरू झाली. सर सायकल धरून बाहेर उभे. त्यांचे कान लाल झाले होते. प्रार्थना संपली.

"जयरामभाऊ," लंकाबाई शांतपणे म्हणाली, "प्रार्थना झाली. गेट लाव."

जयरामचा हात साखळीवर गेला. त्याची नोकरी त्या साखळीत होती. आत वर्गांच्या खिडक्यांत पोरांची डोकी.

"थांब," सर म्हणाले.

"उशीर झाला, थांबा, असं पोरं पण म्हणायची, सर," लंकाबाई म्हणाली.

सरांनी सायकल स्टँडवर लावली. मग सर म्हणाले, "गैरहजेऱ्या रद्द करतो. फॉर्म जाईल."

"तोंडी नको. कागद द्या."

सरांनी सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: मोठ्यांची शाळा दुपारी भरवण्याबद्दल संस्थेला आजच पत्र देतो. चंद्रानं गेटातून तो दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा लंकाबाईच्या हट्टानं. मग सखुबाईनं आपला हंडा उचलला, तिच्यामागं बाकीच्यांनी.

परत गेल्या तर नळ येऊन गेला होता. त्या दिवशी वस्तीत भाकरीपुरतं पाणी शेजारच्या गल्लीतून मागून आणलं, अन् लंकाबाईला शिव्याही मिळाल्या. तिनं ऐकून घेतल्या. वेळ बदलली पुढच्या जूनमध्ये. चंद्राला तिचा उपयोग नव्हता. ती तोवर पास झाली होती.

पण गेटावर हंडे लावले त्याच्या दुसऱ्या पहाटे चारला लंकाबाई स्वतः नळावर गेली. पोरीच्या अंगावर आपली वाकळ टाकली अन् तिला सहापर्यंत हलवलं नाही. पुढं दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत हेच.

त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी कारखान्यात चेकरनं तिची टोपली घेतली अन् चमकला. पानं फाटकी, बिडी ढिली. "काय लंकाबाई, बोटं म्हातारी झाली का?" म्हणत भांडणाच्या तयारीनं त्यानं एक बिडी तिच्यापुढं धरली.

फुगलेली बोटं पदरात लपवत ती म्हणाली, "काढ छाट."