रविवारची सिस्टर

भूतंखेतं हा रिकाम्या माणसांचा उद्योग आहे, असं मी जन्मभर म्हणत आले. एका दवाखान्यात तीस वर्षं आया होते. मढी धुतली, उचलली, झाकली. एकही उठून बसलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या येशूची भक्ती. लिंबू नाही, अंगारा नाही. तेव्हा हे वाचून मला कुणी बाहेरचं बघणाऱ्याचा पत्ता पाठवू नये. माझी शाळा चौथीपर्यंत. वहीत लिहिलं, भाचीनं मोबाइलवर टाइप केलं. तिनं फक्त शुद्धलेखन सुधारलंय.

माझी मुलगी एस्तेर सरकारी नर्स आहे. ताडकळसपासून आत एका गावात तिचं उपकेंद्र. गावाचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी आहे. उपकेंद्राच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात आम्ही दोघीच. तिला नवरा होता, आता नाही... मेलेला नाही. समोर कालवा, कालव्याच्या पलीकडं दोन वाड्या.

दोन वर्षांपासून तिचं काम एका माणसाचं राहिलं नव्हतं. शेजारच्या उपकेंद्रातली नर्स बदलून गेली, तिचीही गावं हिच्याच गळ्यात. लसी, बाळंतिणी, बीपीच्या गोळ्या — आणि केलं ते सगळं परत मोबाइलवर भरायचं. साहेबांचे मेसेज तांबडं फुटल्यापासून. एकदा संध्याकाळी बघते तर खाटेवर बसलेली, पायात चपला, खांद्याला पिशवी.

"कुठं निघालीस?"

"आत्ता आले का जायलेय, तेच कळंना गं माय."

देवाला तिनं सोडलं नव्हतं. रोज पवित्र शास्त्र उघडायची. पण डोळे मिटले की याद्याच दिसतात म्हणायची. जेवण तुटलं. रडायची असती तर मला एवढी काळजी वाटली नसती.

त्यात नाताळच्या आधी घरोघरचा सर्व्हे आला. प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस बघायचं. घर झालं की दारावर खडूनं बरोबरची खूण करायची. एखादं माणूस भेटलं नाही तर फुली. फुली म्हणजे या घरातलं कुणी तरी राहिलंय, परत यायचं. वाड्यांवरची बरीच माणसं ऊसतोडीला गेलेली, म्हातारी तेवढी मागं. तिच्या नशिबी फुल्याच फुल्या.

आम्ही शुक्रवारी उपास धरतो आणि दुपारी प्रार्थना करून सोडतो. त्या शुक्रवारी दोघी चटईवर बसलो. मी पदर घेतला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "हिच्या जागी दुसरं कुणी तरी पाठव. हिचं काम त्यानं करावं. आता कुणीही पाठव, पण पाठव..." तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठली आणि उभ्या उभ्या आकडे सांगायला लागली. मला संताप आला. मीही उठले, चहा टाकला.

आमच्यात प्रार्थनेच्या शेवटी 'येशूच्या नावाने मागते, आमेन' म्हणायचं असतं. लहान लेकरालाही ठाऊक असतं. ते नाव म्हणजे पाकिटावरचा पत्ता. ते न म्हणता मी उठले. तेव्हा ध्यानातही आलं नाही.

रविवारी मी तिचा फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला आणि तिला ओढत एसटीत बसवलं. परभणीच्या चर्चमध्ये ती दिवसभर माझ्या शेजारी होती. आधी उपासना, मग बायकांची सभा. दिवेलागणीला परत आलो. हे मी शपथेवर सांगते, आणि आमच्यात शपथ सहसा घेत नाहीत.

सोमवारी ती कालव्यापलीकडच्या वाडीवर गेली, गुडघे दुखत होते तरी मीही गेले. पहिलंच घर गयाबाईचं. माझ्याएवढी म्हातारी, एकटी राहते.

"पुन्हा आलीस व्हय गं सिस्टर? कालच तर तपासून गेलीस की."

एस्तेर म्हणाली, "दुसरी कुणी आली असंल, मावशी. ऑफिसनं पाठवली असंल."

"मला काय कमी दिसतंय का? तूच व्हतीस. च्या ठेवला तर शिवली न्हाईस. बोलली बी न्हाईस." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तिला कायतरी खाऊ घाला, बाई. हात लय गार लागलं तिचं. मढ्यावानी."

दारावर बरोबरची खूण होती. एस्तेर डावखुरी, तिची खूण उलटी पडते. ती तशीच उलटी होती. माणसं होती त्या सगळ्या घरांवर खुणा तशाच.

येताना एस्तेर एवढंच म्हणाली, "ऑफिसात सांगू नको. मला येडी ठरवतील." मी म्हटलं, आधी घरी चल. मी अजूनही ऑफिसचाच काही घोळ धरून चालले होते.

पुढच्या रविवारी परत तेच. फोन डब्यात, आम्ही परभणीला. सोमवारी बघतो तर दुसऱ्या वाडीवरही खुणा झालेल्या. पण मी घाबरले ते रविवारी संध्याकाळीच. चर्चमध्ये ती बूट-मोजे घालून माझ्या शेजारी बसली होती. गाणं चालू असताना एकदा दचकली, पाय वर ओढून घेतला. घरी येऊन मोजे काढले. मोजे स्वच्छ. आतले तळवे मात्र काळ्या मातीनं भरलेले, आणि डाव्या टाचेत सराटे रुतलेले. ओली माती, कालव्याकाठची.

सराटे मी सुईनं काढले. तीन निघाले. ती पाहत होती, जणू पाय दुसऱ्याचेच.

"माय, रविवारी बी मला विसावा न्हाई," ती म्हणाली. "मी बसलेली असते आणि चालायलेली बी असते."

त्या आठवड्यात ती बोटानं दाबलं तर खड्डा पडावा अशी झाली. ओठ पांढरे, हात थंड — गयाबाई म्हणाली तसे. जो कुणी काम करत होता तो हिच्याच अंगातलं घेऊन करत होता. असंच चाललं तर दोन-तीन रविवारांत मी पोर पुरणार, हे मला लख्ख दिसलं. मढी पाहिलेली बाई आहे मी.

तिसऱ्या रविवारी तिला एकटीला चर्चला पाठवलं आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले. भर दुपार. चांगलं ऊन. कालव्याच्या पुलावरून एस्तेर येताना दिसली. तीच साडी, तीच पिशवी. मला आधी वाटलं, गाडी चुकली म्हणून परत आली.

"एस्तेर, काय झालं गं?"

मान वळली नाही. आमचं कुत्रं उठलं आणि शेपूट घालून निघून गेलं. ती ओट्याच्या पायरीपाशी आली तेव्हा चेहरा नीट दिसला. माझ्याच पोरीचा चेहरा, पण दोन वर्षांचा शीण कुठंच नव्हता. डोळ्यांखाली काळं नाही, ओठ सुकलेले नाहीत. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पायात चप्पल नव्हती, पावलं मातीनं काळी. हातात खडू. डाव्या.

माझं लुगडं ओलं झालं. लिहायला लाज वाटत नाही, खरं तेच लिहिते.

तेव्हा मला ती शुक्रवारची प्रार्थना आठवली. कुणीही पाठव म्हणाले होते, आणि कुणाच्या नावानं ते सांगितलंच नव्हतं.

आता ते मागणं मागं घ्यायचं तर प्रार्थनाच करायला हवी. आणि आम्ही प्रार्थना डोळे मिटून करतो. हातभर अंतरावर ते उभं, आणि मी डोळे मिटायचे... आयुष्यात तेवढं अवघड काही केलं नाही. पदर घेतला. डोळे मिटले. माझ्या कानाजवळून काही तरी गेलं, श्वासाचा आवाज नव्हता. मग मागं दारावर खडू ओढल्याचा आवाज आला. एकदा. परत एकदा.

"मागितलं ते परत घेते," मी म्हणाले. "येशूच्या नावाने. आमेन."

डोळे उघडले तर ओटा रिकामा. तांदूळ सगळे सांडलेले.

एस्तेर संध्याकाळी आली. उपासनेत तिला गाढ झोप लागली होती, दुपारी कुणी हाक मारल्यासारखी जागी झाली म्हणाली. मी आधी तिचे पाय बघितले. स्वच्छ होते. त्या रात्री तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

मग तिनं डॉक्टरला दाखवून महिन्याची रजा घेतली. साहेब कुरकुरले, कुरकुरू दे. आता ती कामावर आहे, रविवारी फोन पिठाच्या डब्यात असतो. चर्चमध्ये बसते, गाते, कधी झोपते. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, थकलेल्या मनाचे भास. मी विचारलं, मग सराटे कुणाच्या मनाचे? आता मी पाणी पिताना केलेली प्रार्थनासुद्धा नाव घेऊन, आमेन म्हणून पुरी करते.

दारावर त्या दिवशी फुली होती. मी ओल्या फडक्यानं पुसली, एस्तेरला सांगितलं नाही. घरात आम्ही दोघीच. दोघींतली कोण राहिली म्हणून ती फुली मारली, ते मला माहीत नाही. रविवारी दुपारी मी आता ओट्यावर बसत नाही.