गोळीचं गाऱ्हाणं

माझ्या मावशीच्या नवऱ्याने आयुष्यात कुठलीही गोष्ट देवाच्या कानावर घातल्याशिवाय केली नाही, आणि देव समुद्राच्या पलीकडे राहतो अशा समजुतीने घातली. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यामुळे आवाज मागच्या सीटपर्यंत पोचलाच पाहिजे ही सवय. त्यात घराण्याकडे देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडचं देवाशी चारचौघांत केलेलं बोलणं. एकाने 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करायची, कोणासाठी काय मागतोय ते नावागावासकट सांगायचं, आणि दर मागणीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणून जोर लावायचा. बाकीचे मानकरी हे सणावारी करतात. काका उठल्यापासून करायचे.

करूळ घाटात एकदा त्यांची गाडी बंद पडली. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला, आणि काकांनी झाडून सगळे प्रवासी खाली उतरवून रांगेत उभे केले. "बा म्हाराजा, ही जी काय कोल्हापूरची गाडी तुझ्या वाटेत रुसान बसली आसा, तिचो रुसवो काढ रे म्हाराजा!" घाटावरच्या मंडळींना काही कळेना, पण कंडक्टर सांगतोय म्हटल्यावर तेही 'व्हय महाराजा' ओरडले. गाडी सुरू झाली. वायर सैल झाली होती असं ड्रायव्हर निवृत्त होईपर्यंत सांगत राहिला, पण ऐकतो कोण! मला बघायला कुडाळची मंडळी आली तेव्हा तर कहर झाला. मी पोह्यांच्या बशा ठेवते न ठेवते तोच काका उठले. "बा म्हाराजा, हो जो काय झिलगो कुडाळसून हयसर पोहे खावक इलो आसा, तेका आमचा चेडू पसंत पडांदे रे म्हाराजा!" मुलाच्या वडिलांच्या तोंडात पोहे होते, तरी पहिलं 'व्हय म्हाराजा' त्यांचंच आलं. लग्न तिथेच ठरलं. आमचे हे अजून म्हणतात, मला कोणी विचारलंच नाही.

या सगळ्याला हुकमी साथ मावशीची. ती चुलीपाशी असो नाहीतर मागच्या दारी बांगडे साफ करत असो, तिचं 'व्हय' बरोबर जागेवर पडायचं. "आवाज वायच कमी करा, देव काय बहिरो नाय," हेही ती रोज म्हणायची. देवबागला त्यांचं घर, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे काका. शेजाऱ्यांना रेडिओ घ्यायची गरज पडली नाही.

साठी उलटल्यावर मालवणच्या डॉक्टरांना काकांचं प्रेशर वाढलेलं सापडलं. रोजची गोळी सुरू झाली. काही दिवस घेतली, आणि मग काकांना पेच पडला, की बरं तर वाटतंय, मग गोळी कशाला? शहाण्या माणसाने हे डॉक्टरला विचारलं असतं. यांनी देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काकांनी विचारलं, "गोळी सोडू?" उजवी पडली. "गोळी डॉक्टरान दिल्यान, मगे देवाक कशाक मधे घालतास?" असं मावशीने विचारून बघितलं, पण कौलापुढे बायकोचं काय चालणार!

चतुर्थीनंतर एका सकाळी काकांच्या हातातून चहाचा कप सुटला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि आमच्या काकांचं तोंड गेलं. आधी मालवण, मग कुडाळ, आणि तिथून थेट गोव्यातलं इस्पितळ. जिवावरचं निभावलं. समजायचं सगळं, पण तोंडातून 'आ... आ...' याच्यापलीकडे काही निघेना. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मावशीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण? यांचं नाव सांगा बघू." काका नुसतेच बघत राहिले. बाई कागदावर लिहायला लागल्या तशी मावशी म्हणाली, "बाये, तां लिहू नको. लग्नापासून माझा नाव घेवक नाय ह्येंनी. आज खंयसून घेतले?" बाई हसल्या, मी हसले. खरंच होतं ते. मावशीचं नाव शेवंती, पण काकांच्या लेखी ती 'अगो'. मग बाहेर आल्यावर मावशीने माझा हात धरला आणि तिला रडू फुटलं. "माका नाव नको गो. नुसती 'अगो' म्हणान एक हाक मारांदेत. माका आणखी काय नको."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी थोडं जास्तीचं रक्त मागितलं. आमच्या शंका बघून त्यांनी नीट बसून समजावलं. आपल्या हाडांच्या आत मगज असतो, तिथे मूळपेशी तयार होतात. त्यातल्या काही रक्तात उतरून अंगभर फिरत असतात. मेंदूला इजा झाली की त्या दुरुस्तीला मदत करतात की काय, असा अंदाज आहे. आणि प्रेशरच्या गोळ्यांनी त्यांची संख्या कमीजास्त होते का, ते या बाई अशा रुग्णांच्या रक्तात बघत होत्या. "होते का?" मी विचारलं. "माहीत नाही. तेच तर बघतोय," त्या म्हणाल्या.

मी काकांकडे बघितलं. डोळे हे एवढे मोठे झालेले. आपल्या अंगात कोणीतरी गुपचूप गस्त घालतंय आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांना सहन झालं नसावं. डावा हात वर गेला आणि सगळा वॉर्ड दणाणला, "बा देवा म्हाराजा! जो काय... जो काय..." तिथे गाडी अडली. पण मावशीचं 'व्हय म्हाराजा' सवयीने बाहेर पडलंच, आणि पलीकडच्या खाटेवरच्या सावंतवाडीच्या आजोबांचंही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "तोंडपाठ असलेलं कधीकधी शाबूत राहतं. आरती, गाणी, शिव्यासुद्धा. घरी याचाच सराव ठेवा."

मग काय, देवबागला रोज सकाळी तुळशीपाशी गोळीचं गाऱ्हाणं सुरू झालं. डाव्या तळहातावर गोळी, शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन मावशी. "बा म्हाराजा, जी काय..." की थांबलं. गाऱ्हाण्याचा सांगाडा सगळा येत होता, नाव घालायची जागा आली की रिकामी. मावशी कधी शब्द पुरवायची नाही, वाट बघायची. हळूहळू 'गोळी' आली. 'हाड' आलं. एका रविवारी मी गेले तर ऐकू आलं, "जी काय पेशी... वाट चुकली असात... तिका वाटेर हाड रे म्हाराजा!" आमच्याकडे आणणे म्हणजे हाडणे. मी वाळूत उभी राहून पोट धरून हसले आणि डोळेही पुसले.

गोळी आता एक दिवस चुकायची नाही. गोळी घेतल्यावर त्या पेशी काय करतात, याची त्यांना पोराटोरांसारखी उत्सुकता. मी गेले की उलटतपासणी. "त्येंका... वाट... कोण सांगता?" मला कुठे ठाऊक! पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्याचाही अजून शोध चाललाय. पेशींचं कळेल तेव्हा कळेल, गोळी मात्र सोडू नका, ती दुसरा झटका टळावा म्हणून आहे. डॉक्टरांनाही माहीत नाही म्हटल्यावर काकांना कोण आनंद! परतीच्या वाटेवर गाडीत एकेक शब्द जुळवत म्हणाले, "देव... खोटो नाय. माझो... प्रश्न... चुकलो." आणि थोड्या वेळाने, "ती बाय पण... कौलच लावता." अगदीच चूक नव्हतं. प्रश्न विचारायचा, कोणाची पाकळी कुठे पडते ते बघायचं, आणि उत्तर येईपर्यंत आपल्या मनाचं घुसडायचं नाही. फक्त या बाईंचा देव सावकाश बोलणारा.

शब्द येत होते, पण मावशीला हाक काही मारली जात नव्हती. काही हवं असलं की काका काठी आपटायचे. मावशी काठीला 'इलंय' म्हणून ओ द्यायची. तशात तिची धावपळ बघून मी तिलाच दवाखान्यात नेलं, तर तिचं प्रेशर काकांपेक्षा वर. तिलाही गोळी आली. ती तिने तांदळाच्या डब्यामागे लपवली. "माका काय धाड भरली नाय. ह्येंचा करू की माझा करू?" मी चिडले, समजावलं, भांडलेसुद्धा. भिंतीशी बोलल्यासारखं. काका खाटेवरून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीपाशी त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या होत्या. एका हाताने तांदळाचा डबा ओढून त्यांनी मावशीची गोळी कशी काढली ते त्यांनाच माहीत. मावशी तांब्या घेऊन उभी, मी पायरीवर. "बा देवा म्हाराजा! ही जी काय..." अडलं. "ही जी काय..." पुन्हा अडलं. कपाळावर घाम आला. मावशी नेहमीसारखी वाट बघत होती. आणि मग पूर्वीच्या त्या मागच्या सीटपर्यंतच्या आवाजात आलं, "ही जी काय शेवंती... माझी बायल... हिका माझ्यासारखी करू नको रे म्हाराजा!"

जन्मात पहिल्यांदा मावशी 'व्हय म्हाराजा' म्हणायची विसरली. शेवटी मीच म्हटलं. मग तिने मुकाट्याने हात पुढे केला आणि गोळी घेतली.

काका त्यानंतर काही वर्षं होते. गेले ते वयाने, झोपेत, काही न विचारता. त्या डॉक्टरीणबाई दुसरीकडे गेल्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आलं असेल तर ते आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते नाव काकांच्या जिभेवर कोणी आणून ठेवलं, गोळीने, पेशींनी, रोजच्या सरावाने की म्हाराजाने, हे मला अजून कळायचंय, आणि मी अजून विचार करते.

मावशी आता एकटीच तुळशीपाशी गोळी घेते. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून ती गोळी तळहातावर ठेवून गाऱ्हाण्याला लागेल तेवढा वेळ नुसती उभी राहते. मग 'व्हय म्हाराजा' म्हणते आणि गोळी गिळते.