अकीलाबी टायरवालीचं माप

तर हरिसिंग त्या लाल गाडीतून उतरला. उतरला कसला, बिळातून घोरपड निघावी तसा आधी डोकं, मग खांदे आणि मग बाकीचा असा हप्त्याहप्त्यानं बाहेर आला. काल इथवरच आलो होतो आपण आणि तुमची जेवायची वेळ झाली. आता नीट मांडी घालून बसा, कारण खरी गंमत पुढं आहे.

पण अकीलाबी कोण हे काल सांगायचं राहूनच गेलं. पांढरकवड्याला हैदराबादच्या हमरस्त्यावर तिचं टायरचं दुकान. दुकान मूळचं बापाचं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून लहानपणापासून हीच टायर उघडायची. नवरा जफर ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो घरी आला की चहा तो करायचा आणि पंक्चर ही काढायची. डोक्यावर ओढणी, बाह्या कोपरापर्यंत, हातात टायर उचकटायची लोखंडी पहार, टॉमी. टायरवरून नुसता तळवा फिरवून सांगायची, "तुमचा डायवर ब्रेक लय मारते," आणि ड्रायव्हरचा चेहरा उतरायचा. एकदा एका नवरदेवाच्या जीपला हात लावून म्हणाली, "हे गाडी रोज रोज बाजाराच्या मागल्या गल्लीत जाते, तिथलाच काच हाये हा." नवरदेवाचा सासरा शेजारीच उभा होता. त्या लग्नाचं पुढं काय झालं ते वेगळं सांगीन.

ती कापसाची पडती वर्षं होती, दोन हजार पाच-सहाची. आमचं दुःख पाहायला त्या काळात इतक्या पाहणी समित्या आल्या की बाभळीचे काटे कमी पडले. प्रत्येक समिती शेतात जायची, हळहळायची आणि पंक्चर होऊन अकीलाबीच्या दारात यायची. समित्यांनी आमचं काय भलं केलं ते मला ठाऊक नाही, पण अकीलाबीनं त्या सालात दुकानावर नवे पत्रे टाकले.

मी तिथं काय करत होतो? रांगेत होतो. फरदडीचा शेवटचा कापूस बैलबंडीत भरून दोन दिवसांपासून जिनिंगच्या फाटकापुढं उभा होतो. रांग अकीलाबीच्या दुकानापर्यंत आली होती आणि माझी बंडी नेमकी तिच्या बाकड्यासमोर अडली. आता बाकडं रिकामं दिसत असताना माणूस उभा का राहील?

हरिसिंग हा दारव्ह्याकडचा पोरगा, हैदराबादेत मोठ्या लोकांच्या गाड्यांचा मिस्त्री. त्याचा एक शेठ परदेशी गेला आणि जाताना आपली शर्यतीतल्यासारखी पळणारी गाडी याला जवळजवळ देऊनच गेला. दोन दारं, दोन माणसांची जागा आणि रंग असा लाल की बैल बुजायचे. छत माझ्या कमरेच्या जरा वर, आणि पोटाखाली माझी वीतही धड मावत नव्हती.

"अकीलाबी," हरिसिंग म्हणाला, "चारी टायर बदलून द्या. जितके रुंद भेटन तितके रुंद."

"काहून? हे काय रडून राह्यले?"

"तीन हप्त्यानं लगन हाये माहं. जमनी याडीच्या तांड्यावर."

एवढं ऐकून बाकड्यावरचे आम्ही सगळे सरसावून बसलो, कारण ती पैज अख्ख्या तालुक्याला माहीत होती. सोयरीक ठरली तेव्हा हरिसिंग सगळ्यांसमोर बोलून गेला होता, मी येईन तर माझ्या लाल गाडीतून, थेट मांडवाच्या दारात. नवरीची आजी जमनी, सगळा तांडा तिला याडी म्हणजे आई म्हणतो. तिनं गाडीकडं पाहिलं, हरिसिंगकडं पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या वाटंनं जीप बी पोट घासत येते बावा. तू गाडीत बसून दारात आलास त मी सोता ओवाळीन. अडकलास त बंडी पाठवीन, आन् मरेपर्यंत तुले बंडीवाला जावई म्हनीन." आणि जमनीची प्रकृती अशी ठणठणीत, की ते मरेपर्यंत म्हणजे तीस वर्षं कुठं जात नव्हती. पोरगा अडकला तर जन्माचा बंडीवाला होणार होता.

हमरस्ता सोडला की तांड्यापर्यंत तीन किलोमीटर बंडीची वाट. काळी माती. दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधे उंचवटा, उंटाच्या पाठीसारखा.

इथं मी तोंड घातलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण बंडीच्या बाबतीत मी स्वतःला बी.ए. समजायचो. म्हटलं, "हरिसिंग, पोरा, शाना हायेस तू. मी लाकडी चाक काढून बंडीले रुंद टायर लावले तवापासून एकदा बी रुतलो नाई. रुंद टायर म्हनजे गाडी वर तरंगते. बसव तू सगळ्यात जाड!"

"ऐकलं?" हरिसिंग खूश. "काका बी तेच म्हनते."

अकीलाबीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती झिजलेल्या टायरकडं पाहते. "काका, तुमच्या बंडीले चाकावर पत्रा हाये का?"

"नाई."

"चाक डावी-उजवीकडं वयते का?"

"बैल वयते."

"आन् तुमच्या बंडीचं पोट कुठं हाये?"

मी मांडीवर हात ठेवून दाखवला.

"मंग बसा चूप."

पण गिऱ्हाइकाला ती 'नाही' म्हणत नसे. बापानं तिला शिकवलं होतं की माणूस आपलं ऐकत नाही, टायरचं ऐकतो. तिच्याकडं एका अपघातातल्या मोठ्या गाडीचा टायर पडला होता, त्याच पंधरा इंची चाकाचा, पण रुंदीला दोनशे पंचवीस मिलिमीटरचा. हरिसिंगच्या गाडीला होता एकशे पंचाण्णवचा. तिनं डावं पुढचं चाक काढलं, त्यावर तो जाड टायर चढवला, हवा भरली. मला म्हणाली, "काका, बंडीतून दोन मुठी कापूस द्या."

"कायले?"

"तिकडं तुमच्या कापसाले भाव कोन देऊन राह्यलं? माह्या कामाचा त होऊ द्या."

चाक बसवलं आणि टायर नि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत, पत्र्याच्या कडेला, टायरला लागणार नाही असा तिनं कापूस ठेचून बसवला. मग हरिसिंगला म्हणाली, "बस स्टँडाला एक चक्कर मारून ये. हळू जाजो. डावीकडं वय, उजवीकडं वय, आन् मले सांग."

तो गेला. सरळ रस्त्यावर गाडी झोकात होती. स्टँडापाशी वळली आणि असा आवाज झाला, जणू कोणी म्हशीची शेपटी दारात चेंगरली. पानठेल्यावरचे लोक बाहेर आले. परत आला तेव्हा हरिसिंग घामाघूम आणि फटीतला कापूस गायब. थोडा टायरला चिकटून काळा झाला होता, बाकीचा स्टँडभर उडाला होता. रांगेतला एक जण माझ्याकडं पाहून ओरडला, "उकंडाभाऊ, तुमचा माल त तुमच्या पह्यले उठला!"

अकीलाबी उकिडवी बसली आणि टायरच्या फुगलेल्या बगलेवर टॉमी वाजवली. "पाह्य. रिंग हाये साडेपाच इंच रुंद, शेठनं देल्ली तीच. तिच्यावर हा बसवला त बोऱ्याचं तोंड आवयल्यावानी झाला. मधी फुगला, बगला बाहेर. वयनावर बगल लोयते, मंग गाडी डुलते, पत्र्याले घासते. रुंदी फकत टायरची नसते रे, चाकाची बी असते. चाक तेच ठेवायचं त टायर एकच पायरी वर जाऊ शकते."

"म्हनजे?"

"दोनशे पाच. नागपूरहून मांगवते. रिंगेवर बराबर बसते. उंची बी जराशी वाढन, तुमच्या करंगयीच्या नखाएवढी. मीटर जरा कमी दाखवन, त तू पन जरा कमी पय."

"नखानं काय होते अकीलाबी? तो उंचवटा त हातभर हाये!"

"तेच त मी कवापासून सांगून राह्यली. टायर रुंद केल्यानं पोट वर जात नाई."

आता हरिसिंगचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतका वेळ त्याला वाटत होतं की अडचण टायरची आहे आणि टायर विकत मिळतो. तो बाकड्यावर माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "काका, गेलो मी. बंडीवाला झालो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्याला तरंगवायला निघालो होतो तो मी.

चौथ्या दिवशी टायर आले. तिनं ते बसवले, पुन्हा कापूस ठेचला, पुन्हा स्टँडाची चक्कर. कापूस जिथल्या तिथं, पांढराशुभ्र. दुसरी कोणी असती तर हात धुऊन मोकळी झाली असती. ही जफरच्या मागं मोटारसायकलवर बसली आणि थेट तांड्याची वाट पाहायला गेली. काडीनं उंचवटा मोजला, काडीला दोन जागी खूण केली, वर उंचवट्याची नि खाली गाडीच्या पोटाची, आणि परत येताना माझ्या शेतात उतरली.

"काका, तुमच्याजवळ वखर हाये ना?"

"हाये. पन कापूस निघाला, आता कायले वखर?"

"वावर नाई वखरायचं. वाट वखरायची. खालची खूण दिसते का? इथपर्यंत माती काढा."

मी साठ वर्षांच्या आयुष्यात वाट वखरली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी बैल जुंपले, दोन चाकोऱ्यांच्या मधे वखर लावला आणि तीन किलोमीटर उंटाची पाठ तासत गेलो. शेतातले लोक हातातलं काम टाकून विचारत होते, "उकंडाभाऊ, रस्त्यात काय पेरून राह्यले?" मी म्हणत होतो, "नवरदेव!"

पण वखरलं की ढेकळं निघतात, हे मी विसरलो. बी.ए. झालेला माणूस विसरतोच. लग्नाच्या दिवशी सकाळी पाहतो तर उंचवटा गेला आणि त्याच्या जागी नारळाएवढी ढेकळं! अकीलाबीनं कपाळाला हात लावला. मग बाभळीचा एक ओंडका आणवला, साखळीनं माझ्या बैलांच्या जुवाला बांधला आणि म्हणाली, "आता तुम्ही पुढं. ढेकयं फोडत चाला. गाडी तुमच्या मांगं येईन."

म्हणून वरात अशी निघाली: सगळ्यात पुढं माझे दोन बैल, शिंगांना फुगे. मागं ओंडका, ओंडक्यावर वजनाला मी, नव्या फेट्यात. त्यामागं ती शर्यतीची लाल गाडी, मीटरवर दोनशे चाळीसचे आकडे आणि काटा आपल्या खुंट्यावर झोपलेला. गाडीच्या बाजूनं अकीलाबी चालत होती. दर वळणावर वाकून टायर नि पत्र्यामधली फट पाहायची आणि हात हलवायची, "येऊ द्या!" धूळ इतकी उडाली की तांड्यावर पोचलो तेव्हा लाल गाडी मातीच्या रंगाची झाली होती आणि मी कोणत्या रंगाचा होतो ते घरच्यांनीही ओळखलं नाही. मधे एकदा बैलानं थांबून आपला विधी उरकला, तर मागं अख्खी वरात थांबली. बँडवाल्यांनी तेवढ्यात दोन गाणी वाजवून घेतली.

पण गाडी एकदाही घासली नाही. पोटही नाही, टायरही नाही. मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली आणि हरिसिंग पुन्हा त्या घोरपडीसारखा बाहेर निघाला.

जमनी आरतीचं ताट घेऊन उभी होती. ओवाळायला हात पुढं केला, आणि थांबली. एकदा बैलांकडं पाहिलं, एकदा गाडीकडं. बैल पुढं होते ना! आता हा गाडीवाला धरायचा की बंडीवाला?

"अकीला," जमनी म्हणाली, "इतकी पयनारी गाडी, एवढे नवे टायर, मंग बैलाच्या शेपटामांगं काहून आली ते?"

अकीलाबीनं वाकून शेवटचं एकदा फटीत बोट घातलं, बोटाला रबराचा काळा डाग नव्हता, नुसती धूळ होती ती ओढणीला पुसली आणि म्हणाली,

"याडी, टायर म्या मोजून देल्ले, पन वाट तुमच्या तांड्याची हाये, तिचे ढेकयं फोडाले बैल लागले. गाडी आपल्या पायावर आली, बंडीच्या पाठीवर नाई आली. ओवाळा आता लवकर, काकाचे बैल उन्हात हायेत."