शिक्का मारलेल्या कॉमिक्सची पेटी

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "आजी, आजोबांची ती कॉमिक्सची पेटी अजून आहे का गं?" आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तुम्ही माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलंत, मांजरीबद्दल विचारलंत, पण पेटीबद्दल एकदाही नाही. आणि आता दोघं एकदम, एका आवाजात. शाळेत तीस वर्षं काढल्यामुळे मला एवढं कळतं की दोन मुलं एकाच वेळी एकच प्रश्न विचारतात तेव्हा आधी बाहेर काहीतरी ठरलेलं असतं. मी तुमच्या आईला खोदून विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "जुन्या हिंदी कॉमिक्सचे भाव फार वाढले आहेत म्हणे. यांनी कुठेतरी पाहिलं." म्हणून लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच बोलला असता.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा कार्यालयातल्या टेबलखुर्च्यांसारखी माणसंही वाटली गेली. तुमचे आजोबा गोंदियाच्या वाट्याला आले. आम्ही तुमसरला राहत होतो, माझी शाळा तिथेच होती, घर हलवणं शक्य नव्हतं. त्यामुळे ते रोज सकाळी तुमसर रोडवरून पॅसेंजर पकडत आणि संध्याकाळी परत येत. गोंदिया स्टेशनवर पुस्तकांचा एक स्टॉल होता. कॉमिक्सचं वेड त्यांना लग्नाआधीपासूनच होतं, पण तुमसरात नवं काही मिळत नसे. आता स्टॉल रोज वाटेत आला.

मी घर नेमानं चालवत असे. दोन पगार, पण दोन्हीकडची म्हातारी माणसं आणि तुमची आई शिकत होती. ती गणितात हुशार. तिला इंजिनिअरिंगला घालायचं हे ती आठवीत असतानाच ठरलं होतं, आणि त्यासाठी पोस्टात दरमहा भरायची ठेव सुरू केली होती. माझे दोन नियम होते: ती ठेव मुदतीआधी मोडायची नाही, आणि कोणाकडे उसने मागायचे नाहीत. आजोबांच्या छंदालाही मी जागा ठेवली होती. महिन्याला दोन कॉमिक्स, जास्त नाही. ते लगेच कबूल झाले. इतक्या लगेच कबूल झाले, तिथेच मला शंका आली.

आमच्या घरात आणखी एक रीत होती, ती माझ्या माहेरची. माझे वडील आसगावचे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांनी घरात जे नवे नियम केले त्यात एक होता: पुस्तक रद्दीत विकायचं नाही. वर्तमानपत्र विका, वही विका, पुस्तक नाही. माझी आई निरक्षर होती, पण पुस्तकावर पाय पडला तर ती वडिलांआधी ओरडायची. मला इंग्रजी शिकवायला त्यांनी एक एकर धानाची जमीन विकली, पण घरातलं एक फाटकं पाठ्यपुस्तकही विकू दिलं नाही. सासरी मी हा नियम तसाच चालवला. प्रश्न एवढाच होता की कॉमिक म्हणजे पुस्तक आहे का. मी म्हणत असे, नाही. आजोबा म्हणत, हो. पंचवीस वर्षं हा वाद चालला.

दोनच कॉमिक्स येतात की नाही, हे मोजणार कसं? सगळी सारखीच दिसतात. शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं, तिथे प्रत्येक पुस्तकावर शिक्का आणि क्रमांक असतो. मी भंडाऱ्याला जाऊन एक लंबगोल रबरी शिक्का करून आणला. त्यावर फक्त 'गृह ग्रंथालय' एवढंच कोरलं होतं. एका रविवारी मी सगळी कॉमिक्स जमिनीवर मांडली आणि एकेकाच्या मुखपृष्ठावर, आत पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर जांभळ्या शाईत शिक्का मारला. क्रमांक घातला, वहीत नोंद केली. आजोबा दारात उभे राहून बघत होते.

"मास्तरीणबाई, हे काय करून राहिली? जनावराले डाग देतेत तसा डाग कायले देतेस?"

"डाग दिलेलं जनावर हरवत नाही."

"मुखपृष्ठावर तरी मारू नको वो. चेहऱ्यावर कोणी मारते का?"

मी मुखपृष्ठावरच मारला. त्या दिवशी एकशे नव्याण्णव भरली. पुढे दर महिन्याला दोन, मी स्वतः शिक्का मारून पेटीत ठेवत असे.

तीन वर्षं हे सुरळीत चाललं. मग एके दिवशी आजोबा संध्याकाळी घरी आले आणि जेवणाचा डबा पिशवीतून स्वतः काढून स्वतः धुतला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेला नवरा एकाएकी डबा धुवायला लागला, तर कोणत्याही बाईच्या मनात जे येईल तेच माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशीही धुतला. आठवडाभर धुतला. पिशवी ते माझ्या हातात देईनात. मी त्यांना पाणी देता देता पिशवी हातानं जोखली. रिकाम्या डब्याच्या मानानं जड होती.

त्याच सुमारास पोस्टाचं पासबुक घरात दिसेना. विचारलं तर म्हणाले, "एजंटबाईंकडे हाये." एजंटबाई म्हणजे आमच्या शेजारीण काकू. मोहाडीकडून आलेलं त्यांचं विणकरांचं घर. पुढच्या खोलीत माग, आणि मागाच्या बाजूला खुर्ची टाकून त्या पोस्टाच्या ठेवी गोळा करायच्या. मी गेले तेव्हा मागाचा खटखटाट चालू होता, त्यामुळे दोघींना ओरडून बोलावं लागलं. गुप्त गोष्ट विचारायला त्याहून वाईट जागा नाही.

"काकू, आमचे हप्ते वेळेवर येतात ना?"

"काहून? भांडण झालं का?"

"भांडण नाही. सहज विचारलं."

"सहज कोणी पासबुक पाहाले येते का मॅडम? हे घ्या, पाहून घ्या. तुमच्या घरचा माणूस एक तारखेलेच येते. बाकीच्यायच्या मागं मले फिरावं लागते."

सगळे हप्ते भरलेले होते. एकही चुकला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ठेवीतून पैसा जात नाही, पगार पूर्ण घरात येतो, तर पिशवीत येतं ते कशातून येतं? नीट हिशेब लागला की माझा संशय कमी होत नाही, वाढतो. हा माझा दोष आहे, तुम्ही घेऊ नका.

आसगावहून माझा भाऊ वर्षाचा तांदूळ पाठवायचा. पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या. जुलैपर्यंत एक रिकामी व्हायची आणि नवं धान येईपर्यंत तशीच राहायची. त्या बुधवारी मी ती पुसायला उघडली. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा होता, आणि वर कडुनिंबाचा पाला. तांदळाला आपण घालतो तसा, व्यवस्थित. आत कॉमिक्स होती. एकतीस. एकावरही शिक्का नाही.

आजोबा घरी आले तेव्हा मी गठ्ठा चटईवर ठेवून बसले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि न सांगता समोर बसले.

"पैसे कुठून आणले?" मी विचारलं.

"पैसे नाई लागले. गाडीत अदलाबदल होते. रोजचे पाचसहा जण हावोत आम्ही. एक द्यायचं, एक घ्यायचं. एक नवं देलं का एक जुनं भेटते. आतापर्यंत हापिसात ठेवत होतो, कोठी रिकामी झाली मंग आठवडाभरात घरी आणली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू शिक्का मारला असता. शिक्क्याचं कोणी घेत नाई. त्या स्टॉलवाल्याचा भाचा तर म्हणते, साहेब, हे कोणत्या शाळेतून उचलून आणलं?"

म्हणजे महिन्याची दोन कॉमिक्स ते घेत, त्यातलं एखादं मला न दाखवता बदलत आणि त्या महिन्याचा आकडा जुळवायला दुसरं कुठलं तरी स्वस्तातलं आणत. मी पटकन शिक्का काढला, शाईची पेटी काढली. त्यांनी माझा हात धरला नाही, नुसतं म्हणाले, "रविवारपर्यंत थांब. रविवारी मार. मीच धरतो एकेक."

मी थांबले. का थांबले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. कदाचित निंबाच्या पाल्यामुळे.

गुरुवारी तुमच्या आईच्या नावानं पत्र आलं. नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली होती. फीचे पैसे मी वेगळे ठेवले होते आणि ते पुरत होते. पण पत्राच्या तळाशी लिहिलं होतं की वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या सत्राची मेस सोमवारी दुपारपर्यंत भरायची, नाहीतर खोली पुढच्या मुलीला. तुमसरहून नागपूरला रोज जाऊन येणं मुलीला झेपणारं नव्हतं. खोली गेली की जागा गेली. महिनाअखेर होती. पगाराला आठ दिवस होते. ठेवीची मुदत पुरी व्हायला अजून पाच महिने होते. तुमची आई पत्र घेऊन स्वयंपाकघरात उभी होती, आणि तिला माझे दोन्ही नियम पाठ होते.

"कॉमिक्स विकू," मीच म्हणाले. "ती काही पुस्तकं नाहीत."

आजोबांनी वाद घातला नाही. गाडीतल्या एकाच्या ओळखीनं त्यांनी नागपूरचा एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी बोलावला. शनिवारी तो आला. पायजमा, खांद्याला झोळी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. मी पेटी उघडली. त्यानं वरचं कॉमिक उचललं, उलटवलं, दुसरं उचललं, उलटवलं. मग तिसरं न उलटवता खाली ठेवलं.

"मॅडम, आप करती क्या हैं?"

"शिक्षिका आहे."

"लायब्ररी?"

"माझ्याकडेच आहे."

त्यानं शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं पाहत आले, त्या नजरेनं कोणीतरी माझ्याकडे पाहत होतं. तुमसर लहान गाव आहे. शाळेच्या बाई ग्रंथालयाचा माल घरून विकतात, एवढं एक वाक्य बसस्टँडवर पोचायला चहाचा एक कप पुरतो.

मी शिक्का आणून दाखवला, वही दाखवली. 'गृह ग्रंथालय' हे शब्द मोठ्यानं वाचून दाखवले. आजोबा म्हणाले, "भाऊ, चोरीचा नाई हाये माल. हे बाई स्वतःच्याच घरच्यायवर नजर ठेवते." व्यापारी हसला, पण त्यानं डोकं हलवलं. मानलं असेल किंवा नसेल. म्हणाला, "मैं मान लूँ, तो भी मेरा गाहक नहीं मानेगा. इस पर ठप्पा है. ये सब रद्दी के भाव."

तुमची आई आतल्या दारात होती. तिनं ऐकलं.

आजोबा उठले, कोठी उघडली आणि गठ्ठा आणला. व्यापाऱ्यानं निंबाचा पाला बाजूला केला आणि एकेक कॉमिक दोन बोटांनी कडेला धरून उघडलं. या वेळी त्यानं सगळी एकतीस पाहिली. त्यात काही फार जुने पहिले अंक होते म्हणे, आणि कसर लागलेली नव्हती. त्यानं सांगितलेल्या रकमेत अनामत आणि मेस बसत होती, वर थोडे उरत होते. मी नोटा दोनदा पाहिल्या, दिव्यासमोर धरून. खऱ्या होत्या.

जाताना तो पेटीकडे बोट करून म्हणाला, "ये भी दे दो, तराजू में तौल लेता हूँ." मला मोह झाला. पेटी जागा अडवत होती.

"रद्दीत नाई देत येत," आजोबा म्हणाले.

"का?"

"पुस्तकं हायेत ते. पंचवीस वर्षं तू नाई म्हणत होतीस. मंग स्वतःच्या हातानं क्रमांक घालून ग्रंथालय केलं ना? आता आसगावच्या बुढ्याचा नियम लागू होते."

व्यापारी झोळी खांद्याला लावून स्टेशनकडे गेला, आणि तो वळणापार जाईपर्यंत मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. सोमवारी तुमच्या आईनं पैसे भरले आणि पावती मला पोस्टानं पाठवली. ती पावती मी ठेवली आहे.

आजोबा निवृत्त होईपर्यंत महिन्याला दोन आणत राहिले. त्यानंतरच्या एकावरही मी शिक्का मारला नाही, आणि त्यांनी ती एकेक करून गाडीतल्या लोकांना देऊन टाकली. पिशवी मात्र मी शेवटपर्यंत हातानं जोखत असे. सवय.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. भाव वाढले असतील, पण ते शिक्का नसलेल्यांचे. पेटीतल्यांच्या मुखपृष्ठावर, पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर माझा शिक्का आहे, आणि तो निघत नाही. विकत घेणाऱ्यानं तुम्हालाही विचारलं असतं की कुठून उचलली. वाचायची असतील तर इथे या, वहीत सही करा आणि वाचा.

हे पत्र लिहिण्याआधी मी पेटी खाली उतरवून सगळी मोजली. नोंद दोनशे एकाहत्तरची आहे. क्रमांक एकशे अठरा नाही. तुमची आई वसतिगृहात जाण्याच्या आदल्या दिवशी पेटीजवळ बसली होती, एवढं मला आठवतं. दोनशे सत्तर आहेत, वही आहे, शिक्काही आहे. शाई वाळली आहे.