सतरा हल्ले आणि एक पाना

बडोद्यात भांडायला विषय कमी आहेत असं नाही. तरी गेल्या वर्षी छाणीच्या रस्त्यावर एक जुनं लढाऊ विमान आलं आणि शहाण्या माणसांची मोठीच सोय झाली. विमान एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळचं, हवाई दलाने केव्हाच निकालात काढलेलं. धड वेगळं, पंख वेगळे, असं ते ट्रेलरवरून आलं. एका खाजगी ट्रस्टने नवं संग्रहालय बांधलं होतं, त्याच्या अंगणात ते तीन चाकांवर उभं केलं. त्याचा रंग वाळायच्या आत गावात दोन तट पडले.

एका तटाचे पुढारी मानसिंगराव, म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. पणजोबा संस्थानात कुणीतरी होते आणि हे स्वतः अलकापुरीत ऑफिस थाटून बसलेले बिल्डर. दिवाळीचा बाण सोडला तर या माणसाने उभ्या आयुष्यात काही उडवलेलं नाही. त्यांचं म्हणणं, या विमानाने शत्रूवर सतरा हल्ले केले, तेव्हा त्याच्या नाकाडावर सतरा लाल बाँब रंगवायचे. दुसऱ्या तटाच्या पुढारी पूर्णिमाताई. शांततेसाठी संस्था चालवतात, आणि संस्थेत चहा आणणाऱ्या बाईवर रोज ओरडतात. त्यांचं म्हणणं, सतरा हल्ल्यांत माणसं मेली, त्यांचा आकडा पाटीवर लिहा, नाहीतर हे खुनी यंत्र इथून हलवा. सतरा हा आकडा आला कुठून, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या आकड्यावर मात्र दोघांचं पूर्ण एकमत होतं. आठ महिने पत्रकं निघाली, मोर्चे निघाले, आणि दोघांचेही फोटो पेपरात आले.

या सगळ्यात मी कोण, तर निवृत्त मराठी शिक्षक. पाट्यांचा मजकूर लिहायला मला संग्रहालयाच्या समितीवर घेतलं होतं. उद्घाटनाला सत्कार होणार, शाल मिळणार, एवढं कळल्यावर मी एका शब्दात हो म्हटलं. दुसऱ्यांना नावं ठेवताना हे सांगून टाकलेलं बरं.

समा भागातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर लक्ष्मीकांत शेडगे राहतात. वय शहात्तर. तरुणपणी हवाई दलात फिटर होते, पुढे रिफायनरीत नोकरी करून निवृत्त झाले. सोसायटीत कुणाचा कूलर खडखडला, कुणाच्या झोपाळ्याचा नट ढिला झाला, की लोक त्यांच्या दारात जाऊन म्हणायचे, “काका, पानुं आपजो ने.” त्यांच्याकडे दोन तोंडांचा एक जुना पाना होता, त्याच्या दांड्यावर आकडे ठोकलेले. पण तो त्यांनी कधी कुणाच्या हाती दिला नाही. स्वतः यायचे, काम करायचे, पाना पुसून खिशात घालायचे, आणि मग जिथे काम केलं ती जागा पुन्हा एकदा वाकून बघायचे. त्यांच्या बायकोला, प्रेमलाताईंना, याचं हसू यायचं.

“एकच तर पाना आहे तुमचा. तो मोजायचा काय?” त्या म्हणायच्या.

काका खिसा चाचपून घराकडे वळायचे.

एकदा ते माझ्या घरी झोपाळा नीट करत होते, तेव्हा मी सहज विमानाचा विषय काढला. शेपटीवरचा नंबर सांगितला. काकांचा हात थांबला. “ते माझं विमान आहे,” ते म्हणाले. “मी होतो त्याच्यावर फिटर.” मी खूष झालो. समितीत मिरवायला मला याहून चांगली बातमी मिळाली नसती. काकांनी एवढंच विचारलं, “सर, पाटीवर राजवर्धन साहेबांचं नाव येईल का? त्या विमानाचे वैमानिक. युद्धात गेले.”

“का नाही येणार? मीच लिहिणार आहे,” मी म्हणालो. शब्द द्यायला पैसे पडत नव्हते, म्हणून दिला.

मानसिंगरावांना जिवंत साक्षीदार सापडल्याचा एवढा आनंद झाला की त्यांनी लगेच बैठक बोलावली. पूर्णिमाताईंनाही मुद्दाम बोलावलं, समोरासमोर तोंड बंद करायला. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. “बेसो, काका, बसा,” म्हणत मानसिंगरावांनी त्यांना शेजारी बसवलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. हे विमान आपण सतरा वेळा सज्ज करून हल्ल्यासाठी रवाना केलं, असा दाखला होता तो. खाली फक्त सही करायची.

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग खिशातून पाना काढला आणि कागदावर ठेवला.

“हे विमान त्या युद्धात एकदाही उडालेलं नाही,” ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. काका थांबले नाहीत.

“आमच्यात नियम होता. काम संपलं की हत्यारं मोजायची. एक जरी कमी भरलं तर विमान जागचं हलायचं नाही. आत राहिलेला पाना कुठे अडकला तर वर गेलेला माणूस मरतो. युद्ध लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा हा पाना कमी भरला. सीट काढली, तळ उघडला, रात्रभर शोधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला तो सापडला. माझ्याच जॅकेटच्या अस्तरात होता, फाटक्या खिशातून खाली उतरलेला. तोवर वर रिपोर्ट गेला होता. मला वाटलं कोर्टमार्शल होईल. म्हटलं, संध्याकाळी सांगू.”

त्यांनी पाणी मागितलं. प्यायले नाहीत, पेला नुसता हातात धरला.

“तेव्हाच बोललो असतो तर दुपारपर्यंत विमान उडायला तयार केलं असतं आम्ही. दुपारी राजवर्धन साहेब दुसरं विमान घेऊन गेले. त्याचं इंजिन कुरकुरतं हे सगळ्यांना माहीत होतं. ते परत आले नाहीत. मग सांगायचं तोंडच राहिलं नाही मला. आमचं विमान उघडंच पडून राहिलं, त्याचे भाग काढून दुसऱ्यांना लावले. हा पाना मला परत करता आला नाही आणि टाकवला पण नाही. तर तुम्ही बाँब रंगवू नका. साहेबांचं नाव लिहा.”

एक म्हातारा चौपन्न वर्षांचं ओझं उतरवून मोकळा झाला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणीही उठलं नाही. मीसुद्धा नाही.

पूर्णिमाताईंनी विचारलं, “म्हणजे या विमानामुळे कुणीच मेलं नाही?” मी शपथेवर सांगतो, बाईंचा आवाज हिरमुसला होता.

“एक मेला ना,” काका म्हणाले. “तेच सांगतोय मी.”

त्यानंतर जे झालं ते बघायला मी आठ महिने समितीवर काढले असावेत. जे दोघे एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांचं वीस मिनिटांत जमलं. मानसिंगरावांचा शूर योद्धा जात होता, पूर्णिमाताईंचा खुनी जात होता. दोघांचंही दुकान एकदम बंद पडायची वेळ आली होती. “उंमर थई छे काकानी,” मानसिंगराव हळूच म्हणाले. पूर्णिमाताईंनी समजूतदारपणे मान हलवली. त्या वयात आठवणी सरमिसळ होतात, म्हणाल्या. ठरलं ते असं: सतरा बाँब रंगवायचे, आणि खाली युद्धात मेलेल्या सगळ्यांसाठी शांततेची एक ओळ टाकायची. काका एकेकाकडे बघत होते. मानसिंगरावांनी पाना उचलून स्वतःच्या रुमालात गुंडाळला. “आ तो म्युझियमनी चीज छे,” म्हणाले. पान्याची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी ती लिहिली. काय लिहायचं ते मला सांगण्यात आलं होतं, पण लिहिणारा हात माझाच. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यात खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं. आणि मनाशी मी धरून चाललो होतो की काका आता संग्रहालयाकडे फिरकणार नाहीत.

ते उद्घाटनाच्या सकाळी सगळ्यांच्या आधी आले. तोच पांढरा शर्ट. मी आत पोचलो तेव्हा ते काचेच्या पेटीपुढे वाकून उभे होते. पेटीत लाल मखमलीवर त्यांचा पाना होता, पॉलिश करून चकचकीत केलेला. खाली पाटी: ‘याच पान्याने श्री. लक्ष्मीकांत शेडगे यांनी हे विमान सतरा यशस्वी हल्ल्यांसाठी सज्ज केले.’

“साहेबांचं नाव नाही,” ते म्हणाले.

“जागा कमी पडली, काका.”

ते सरळ उभे राहिले. त्यांच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी साधेपणाने बोलले, झोपाळ्याचा कुठला नट ढिला झाला ते विचारावं तसे.

“सर, मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मला कोर्टमार्शलची भीती होती. तुम्हाला कसली होती?”

बाहेर लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं, शाल घ्यायला. मी गेलो.