दुरुस्त झालेली दहा मिनिटं

सर्व्हरचं नवं अपडेट आलं की मी आधी त्याची यादी वाचते: काय दुरुस्त झालं, कोणत्या अडचणी अजून तशाच आहेत. एक अडचण कित्येक अपडेट्स तशीच राहिली होती. रोज दुपारी सर्व्हर दहा मिनिटं आपोआप बंद पडायचा. मग अख्खं ऑफिस खिडकीकडे वळायचं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या संथ हलायच्या, शेजारच्या टेबलावरच्या सुलभाताई संत्रं सोलून फोडी वाटायच्या, आणि आपण ऑफिसात आहोत हेच विसरायला व्हायचं.

आज ती अडचण 'दुरुस्त' या यादीत दिसली. मी ती ओळ मोठ्याने वाचली. कुणालाच आनंद झाला नाही. फट बुजवली की वाराही यायचा थांबतो, असं उगीचच वाटून गेलं.

सुलभाताईंनी पिशवीतलं संत्रं हातात घेतलं. "मग आता हे कधी सोलायचं गं?"